गोटीच्या श्वासातला मका

माणूस काय खाऊन आलाय हे मला त्याच्या श्वासावरून कळतं. ही फुशारकी नव्हे, माझी नोकरीच आहे. इस्पितळाच्या संशोधन विभागात, तळमजल्यावरच्या खोलीत मी एकोणतीस वर्षं एक यंत्र चालवते आहे. कपाटाएवढं धूड, आणि काम काय, तर अणूंचं वजन करायचं. त्याचं खरं नाव घ्यायला एक दम पुरत नाही, म्हणून सगळे त्याला आत्याबाई म्हणतात. नात्यात एखादी असते ना, दारात पाऊल टाकलं की 'काय गं, बाहेर खाऊन आलीस वाटतं?' म्हणणारी, तशी. माझ्या पाठीमागे मला धाकट्या आत्याबाई म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

यात जादू काही नाही. कार्बन दोन वजनांचा असतो, एक हलका आणि एक जरासा जड. जड फार थोडा, शंभरात एखादा. गहू, भात, बटाटा ही झाडं हवेतून कार्बन घेताना जडाला नाक मुरडतात. मका आणि ऊस तेवढे चोखंदळ नाहीत. त्यामुळे मक्याची साखर अंगात जळली की श्वासातून निघणारा कार्बन नखभर जड निघतो. नखभर म्हणजे जिभेला, नाकाला, डोळ्याला जन्मात कळणार नाही एवढा. आत्याबाईंना कळतो. उपाशी या म्हणून सांगितलेले लोक साखरेचा चहा ढोसून येतात आणि पाण्याचा थेंब घेतला नाही म्हणून शपथा घेतात. मी त्यांच्या श्वासाची नळी लावते, आकडा बघते आणि त्यांना घरी पाठवते. एका प्राध्यापकांनाही पाठवलं होतं. ते अजून जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत जातात.

तर अशी मी, आणि माझ्याकडे गोटी आली.

गोटी आठ वर्षांची. गाल बाहुलीसारखे फुगीर आणि पोट पुढे आलेलं, म्हणून घरात गोटी. ते पोट म्हणजे तिचं यकृत होतं. आपण जेवतो तेव्हा यकृत थोडी साखर बाजूला ठेवतं आणि दोन जेवणांच्या मधे हळूहळू रक्तात सोडतं. गोटीच्या यकृतात साखर जायची, साठायची, पण बाहेर यायचा रस्ता जन्मापासूनच बंद. पोट भरलेलं आणि रक्त उपाशी. म्हणून दर तीन-साडेतीन तासांनी तिला कच्चं मक्याचं पीठ थंड पाण्यात कालवून पाजावं लागे. ते सावकाश पचतं आणि तेवढा वेळ निभावतं. दिवसा तसंच, आणि रात्री एक वाजता आणि चार वाजताही. एकदा चुकलं तर पोर पुन्हा डोळे उघडेलच याची खात्री नाही.

तिची आई कपडे शिवायच्या कारखान्यात कॉलर जोडायचं काम करायची. हडकुळी बाई, डोळ्यांखाली काळं, मनगटावर पुरुषी घड्याळ. पहिल्या दिवशी संमतीच्या कागदांवर सह्या करताना तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

"घड्याळ वाजलंच नाही तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी उठलेच नाही एखाद दिवशी, तर हिच्याजवळ स्वतःचं काही आहे का? थोडं तरी? तेवढंच सांगा मला. बाकी तुमचं संशोधन तुम्ही करा."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एकदा घड्याळ बिघडलं होतं. तिला जाग आली तेव्हा एक तास दहा मिनिटं उलटून गेली होती. गोटी घामाने भिजलेली, थंडगार, हाका मारून उठेना. इस्पितळात नेलं, शुद्धीवर आली. सगळे म्हणाले, नशीब. "नशिबावर पुन्हा कसं झोपायचं?" ती म्हणाली. तेव्हापासून ती दोन घड्याळं लावत होती, एक मनगटावर आणि दुसरं उशाशी स्टीलच्या पातेल्यात, आवाज घुमावा म्हणून.

डॉक्टर तरुण होत्या आणि भलत्या चिकाटीच्या. त्यांनी खुणेची साखर वापरायचं ठरवलं. ही साखर दिसायला, चवीला साधीच, पण तिच्या प्रत्येक रेणूत दोन हायड्रोजन जड बसवलेले असतात. ना किरणं, ना विष. शरीराला फरक कळतही नाही, ते तिला आपलीच समजून वापरतं.

"हिच्याजवळ काही आहे की नाही, ते ही साखर कशी काय सांगणार?" गोटीच्या आईने विचारलं.

"असं समजा," डॉक्टर म्हणाल्या, "एका हॉलच्या दारात उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारला. नंतर आत बिनशिक्क्याचे लोक दिसले, तर ते कुठून आले?"

"आधीपासून आतच असतील."

"बरोबर. सलाइनमधून शिक्क्याची साखर द्यायची आणि सलाइन हळूहळू कमी करत न्यायचं. रक्तात बिनशिक्क्याची साखर दिसू लागली, तर ती हिच्या यकृताने सोडलेली. मी पूर्ण वेळ शेजारी सिरिंज घेऊन बसणार. साखर एका मर्यादेखाली गेली की चाचणी तिथेच थांबवायची."

यात एक गोम होती. कुणी हळूच काही खाऊ घातलं, तर तीही साखर बिनशिक्क्याचीच. म्हणून माझी नेमणूक. चाचणीच्या आधी सहा आठवडे गोटीचं मक्याचं पीठ बंद करून बटाट्याचं सुरू केलं. ऊस-साखर तिला तशीही वर्ज्यच होती. सलाइनची साखर बहुधा मक्याचीच असते, मी हट्टाने बटाट्याची मागवायला लावली. आता श्वासात मका दिसला तर तो चोरीचाच, असा चोख बंदोबस्त झाला. मी स्वतःवर खूश होते. बटाट्याचं पीठ अडीचच तास टिकतं, म्हणजे त्या बाईची झोप आणखी कुरतडली गेली, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही. आला आणि गेला.

पहिली चाचणी सकाळी सात वाजता सुरू झाली. गोटी चुरचुरीत पोर. दर अर्ध्या तासाने नळीत तिची फुंकर घ्यायला मी वर गेले की म्हणायची, "आजी, माझा श्वास दिसतो का तुम्हाला?"

"आजी कुणाला म्हणतेस गं? मावशी म्हण."

"केस पांढरे आहेत की."

"मग डोळे मीट," मी म्हटलं. ती खुदखुदली आणि अर्धी फुंकर बाहेरच गेली.

पहिले दोन तास श्वास बटाट्याचा, अगदी स्वच्छ. तिसऱ्या तासाला डॉक्टरांनी सलाइन बरंच कमी केलं, आणि वरच्या मजल्यावरच्या रक्ताच्या यंत्राने सांगितलं की शिक्का पुसट होतोय. बिनशिक्क्याची साखर येत होती. डॉक्टर धावतच खाली आल्या. "बाई, आहे! हिच्याकडे आहे काहीतरी!" त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्याच वेळी तिसऱ्या तासाची नळी लावली होती. आकडा आला आणि माझ्या कपाळावर आठी पडली.

मका.

मी आधी माझी चूक शोधली, एवढं तरी माझ्या पदरात टाका. सलाइनचा थेंब तपासला, बटाटाच निघाला. नळ्या बदलल्या. पुढची फुंकर आणखी जड आली. मग मी वर गेले आणि गोटीच्या आईला बाहेर बोलावून तिची पिशवी उघडायला लावली. पिशवीत एक पत्र्याचा डबा होता. त्यात मक्याचं पीठ.

"हे काय?"

"अडीअडचणीला असतं जवळ. चिकटपट्टी बघा ना, सहा आठवड्यांपूर्वीची तारीख घातलीय. उघडलाच नाही मी."

"चिकटपट्टी परत लावता येते."

डॉक्टर म्हणाल्या, "बाई, जरा..." पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. एकोणतीस वर्षांचा तोरा होता. मी म्हटलं, "यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. पोरीच्या काळजीने दिलंत, समजू शकते. पण त्यामुळे सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली. नियमाप्रमाणे तुमचं नाव आता यादीतून जाईल."

मला वाटलं रडेल. ती रडली नाही. डबा पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद नीट बांधला आणि म्हणाली, "चाचणी परत करा. मला हिच्या जवळ फिरकू देऊ नका. तुमच्या डोळ्यांसमोर बसवा, कोंडून ठेवा, काय हवं ते करा. पण अर्धवट सोडू नका. मला उत्तर पाहिजे."

डॉक्टरांनी तिच्यासाठी शब्द टाकला आणि दुसऱ्या चाचणीला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. म्हणजे आणखी तीन आठवडे बटाट्याचं पीठ, अडीच तासांचा हिशोब. चोरी करणारी बाई एवढा जाच कशाला ओढवून घेईल, असं कुणीही म्हणालं असतं. मी म्हणाले नाही. घरी गेल्यावर मी फणकाऱ्याने बहिणीला फोनवर सगळी गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "आणि समजा तिने दिलंच नसेल तर?" मी फोन ठेवला. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

ठरल्या दिवशी गोटी आदल्या दुपारपासूनच इस्पितळात होती. पिठाच्या वेळा नर्सने सांभाळल्या. सकाळी सात वाजता डॉक्टर तिच्याजवळ बसल्या आणि आई खाली माझ्या खोलीत, माझ्याच खुर्चीसमोर. रिकाम्या हाताने आली होती. पिशवी तिने आपण होऊन पहारेकऱ्याकडे ठेवली होती.

खोलीत आत्याबाईंची घरघर तेवढी. नर्स दर अर्ध्या तासाने एक नळी आणून द्यायची. मी लावायची, आठ मिनिटं थांबायचं आणि पडद्यावर एक ठिपका उमटायचा. मी तिला कमी लेखत होते आणि ती मला मोजत होती. मी बिस्किटांचा डबा उघडला आणि पुढे करावा की नाही या विचारात पुन्हा बंद केला.

साडेसात, आठ, साडेआठ. ठिपके एका ओळीत, बटाटा. नऊ, साडेनऊ, तेही तसेच. डॉक्टरांचा फोन आला, सलाइन कमी करतोय. दहाचा ठिपका ओळीच्या जरासा वर पडला. मी चष्मा पुसला. साडेदहाचा आणखी वर.

"काय झालं?" तिने विचारलं. आवाजात भीती होती. "परत तेच का?"

अकराची नळी आली, ती मी लावली. आठ मिनिटं मी त्या बाईकडे बघत राहिले. ती सकाळपासून जागची हलली नव्हती. तिच्या आणि पोरीच्या मधे तीन मजले होते. ठिपका उमटला. मका, ठसठशीत मका, आणि तो पोरीच्या पोटात आज कुणीही घातलेला नव्हता.

आणि मग मला कळलं.

नवीन येणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो की यकृतातली साखर दिवसा-दोन दिवसांत पार बदलते. कालचं जेवण आज संपतं. सहा आठवडे म्हणजे तर युगं झाली, जुन्याचा मागमूस उरत नाही. हे मला इतकं पाठ होतं की त्याच्यापुढे विचार करायची गरजच वाटली नाही. पण ते तुमच्या-माझ्या यकृताचं झालं. गोटीच्या यकृतातून बाहेर जायला रस्ताच नव्हता! आत गेलेलं सगळं तिथेच होतं. बटाट्याच्या आधीचं, गेल्या महिन्यातलं, गेल्या वर्षीचं. या बाईने घड्याळं लावून, उठून उठून पाजलेला मका त्या फुगलेल्या पोटात जपून ठेवलेला होता. आणि आज, बाहेरची साखर आटत गेली तेव्हा, बंद समजलेल्या दाराच्या कुठल्याशा फटीतून तो थेंबाथेंबाने बाहेर येत होता. जुना मका रक्तात उतरत होता, जळत होता, आणि गोटी तो माझ्या नळीत फुंकत होती.

एकोणतीस वर्षं मी श्वास मोजले, पण श्वासाला इतकं मागचं आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खुर्चीवरून उठावंसं वाटलं, आणि उठलेही. देवळात उठतात तशी.

"मॅडम?" ती घाबरून म्हणाली.

"तू दिलेलंच आहे गं ते," मी म्हटलं. मी तिला 'तू' कधी म्हणायला लागले, कळलंच नाही. "तुझंच आहे. पण आजचं नाही. आधीचं."

"कधीचं?"

"नऊ आठवड्यांच्या आधीचं. केव्हाचं ते मला सांगता येणार नाही. कदाचित वर्षाचं. तिने ते ठेवलंय सगळं. आणि वेळ आली की त्यातलं थोडं बाहेर काढते."

तिला पटायला वेळ लागला. ती पडद्यावरच्या त्या आठ ठिपक्यांकडे बघत राहिली. "ते वाया जातं म्हणाले होते मला," ती म्हणाली. "आत जातं ते अडकून बसतं, नुसतं पोट वाढवतं म्हणाले. तिला आंघोळ घालताना त्या पोटाचा राग यायचा हो मला."

साडेअकराला डॉक्टरांनी चाचणी थांबवली, गोटीला साखर दिली आणि आकडे घेऊन खाली आल्या. शिक्क्याच्या साखरेवरून निघालेला हिशोब आणि माझ्या श्वासाचा हिशोब एकमेकांशी जुळत होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि अगदी सावकाश सांगितलं. यकृतातून येते ती साखर थोडी आहे. त्यावर दिवस काढता येणार नाही. घड्याळ लावायचंच, पीठ द्यायचंच. पण पीठ संपल्यावर गोटीच्या हातात लगेच काही नसतं असं नाही. दीड तास, फार तर पावणेदोन तास, ती स्वतःच्या जिवावर तग धरू शकते.

"दीड तास," तिने पुन्हा म्हटलं.

"सव्वा तास धरा. हातचा राखून."

ती मनगटावरचं घड्याळ फिरवत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "घड्याळ बिघडलं नव्हतं."

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. वाजलं होतं ते. मीच बंद केलं आणि परत झोपले. कारखान्यात दोन पाळ्या केल्या होत्या, डोळे उघडेनात. कुणाला सांगितलं नाही मी. हिच्या वडिलांनाही नाही." आता मात्र ती रडत होती. "एक तास दहा मिनिटं. मला वाटायचं मी मारलंच होतं तिला, आणि कुणीतरी चुकून परत दिली."

एवढ्या वर्षांत माझ्यासमोर शेकडो लोक खोटं बोलले आणि यंत्राने ते पकडले. हे खोटं कुठल्याही यंत्राला सापडलं नसतं. आणि ते ऐकून मला जी लाज वाटली ती तिची नव्हती, माझी होती.

"चुकून नाही," मी म्हटलं. "त्याच्या आधी किती रात्री उठली होतीस?"

"सगळ्या."

"मग त्या सगळ्या रात्री होत्या तिच्यापाशी त्या दिवशी. त्यांनीच धरून ठेवलं तिला. नशीब वगैरे काही नाही. तूच होतीस."

डॉक्टरांनी तोंड फिरवलं आणि विनाकारण माझ्या कपाटावरच्या नळ्या मोजल्या. मी गोटीच्या आईचा हात धरला आणि म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं माझं. चिकटपट्टीचं तर फारच." ती नाकाने हुंकारली. माफ केलं की नाही ते कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता.

दुपारी गोटी जेवली. तिला आता परत मका चालू करायला हरकत नव्हती. पुढची वेळ चारची होती. आई माझ्याच खोलीत खुर्चीवर बसून होती, कारण तिथे पंखा होता आणि आत्याबाईंची घरघर. तिचे डोळे मिटत होते आणि ती दचकून उघडत होती.

"झोप," मी म्हटलं.

"चारला..."

"मला माहीत आहे चारला काय ते. किती चमचे?"

"सहा, सपाट. पाणी थंडच घ्या, कोमट नको. नीट ढवळा, तळाशी बसतं." तिने मनगटावरचं घड्याळ काढलं, क्षणभर हातात धरलं आणि मला दिलं. "मोठ्याने वाजतं. पण तरी."

"आणि मी झोपले तर?"

ती पहिल्यांदाच हसली. "तर सव्वा तास आहे तिच्याकडे."

पाच मिनिटांत ती झोपली, मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं. मी घड्याळ मनगटावर बांधलं. ढगळ होतं, शेवटच्या छिद्रात अडकवलं. पहारेकऱ्याकडून पिशवी आणली. डब्यावरची चिकटपट्टी पिवळी पडून पत्र्याला घट्ट चिकटली होती. नखाने निघेना, कात्री घ्यावी लागली.

चारला पाच कमी असताना मी पीठ कालवून वर नेलं. घड्याळ वाजायच्या आत त्याचं बटण दाबून ठेवलं होतं. गोटीने पेला एका दमात संपवला आणि ओठांवरची पिठाची मिशी पुसली.

"आजी, हे पण साठणार का आता?"

"साठणार."

"आणि बाहेर कधी येणार?"

"लागेल तेव्हा," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि विचारलं, आई कुठाय.

"झोपलीय," मी म्हणाले. "हळू बोल."